पायजम्यातला पॅसेंजर

माझं कुटुंब एकदा मला स्पेनमध्ये विसरून गेलं होतं, आणि सगळ्या बाजूंनी विचार केला तर त्यात त्यांची फारशी चूक नव्हती.

हे मी आज शांतपणे लिहितोय. त्या हिवाळ्यात मात्र आमच्या घरात कोणीच शांत नव्हतं. कोरोनाचा दुसरा हिवाळा, आणि नेदरलँड्समधल्या नायमेखनचा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी जेवणाच्या टेबलावर चिप डिझाइन करायचो. माझी बायको सुजाता बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून विद्यापीठाच्या मीटिंगा घ्यायची. आमची बारा वर्षांची मुलगी मित्रा बाथरूममध्ये शाळा करायची (तिथे कडी लावता यायची, हे तिचं एकमेव कारण).

उरला हॉल. तो आबांचा.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. आयुष्यभर घाट चढले-उतरले, आणि आता त्यांच्या वाट्याला सोफा ते बाल्कनी हा रूट आला होता. दोन महिन्यांसाठी आले होते, परतीचं विमान दोनदा रद्द झालं, आणि ते आमच्याकडे अडकले. दिवसभर ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे. माझ्या ऑफिसच्या कॉलवर ते दर अर्ध्या मिनिटाला मागून जायचे. शेवटी माझ्या मॅनेजरबाईंनी काळजीने विचारलं, "मिलिंद, ते गृहस्थ काही शोधतायत का?"

संध्याकाळी ते समोरच्या बस स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. बसमध्ये चढायचे नाहीत. नुसतं घड्याळात बघायचे. बस वेळेवर आली की मान हलवायची, उशिरा आली की ड्रायव्हरकडे एक कटाक्ष. एकदा एका ड्रायव्हरबाईंनी दार उघडून विचारलं, येताय का. आबांनी हातानेच 'तुमचं चालू द्या' अशी खूण केली.

ख्रिसमसच्या तोंडावर सरकारने सगळं पुन्हा बंद केलं. दुकानं बंद, जिम बंद, घरी पाहुणे बोलवायचे तर दोनच. (आम्हाला तेवढे मिळतही नव्हते, तो भाग वेगळा.) त्या रात्री जेवताना आबा ताटाकडे बघत म्हणाले, "मिल्या, बसून बसून माझे गुडघे गंजले बघ."

एवढंच म्हणाले. पण मला राहवेना. डच लोकांची एक जमात आहे. थंडी पडली की हे निवृत्त लोक घर चाकांवर घेऊन स्पेन-पोर्तुगालला जातात आणि ट्यूलिप उगवले की परत येतात. स्पेन उघडं होतं. आम्हा सगळ्यांचे डोस झाले होते. चार दिवसांत मी शेजारच्या गावातल्या एका माणसाकडून कॅम्पर भाड्याने आणला. सात मीटर लांब, पांढरा, आत ओटा, फ्रिज, संडास, तीन ठिकाणी झोपायची सोय.

आबा खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायरांना लाथ घालून बघितली, आणि ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"आबा," मी म्हणालो, "करारात दोघांचीच नावं आहेत. माझं आणि सुजाताचं."

"बरं," आबा म्हणाले, आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

बेल्जियम संपेपर्यंत मला कळलं, की आपण कॅम्पर चालवत नसून ड्रायव्हिंगची तोंडी परीक्षा देतोय. आबा बोलत काहीच नव्हते. पण प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय पुढे दाबला जायचा, आणि तोंडातून "हं" निघायचं. माझा ब्रेक त्यांच्या 'हं'नंतर लागला तर दुसरं, जरा लांब "हंऽ" यायचं. सुजाता चालवायची तेव्हा मात्र 'हं' नाही. तिच्या शेजारी ते चक्क डुलक्या काढायचे.

या अपमानाची भरपाई म्हणून मी प्रशासन हातात घेतलं. कॅम्परचे नियम लिहून फॅमिली ग्रुपवर टाकले. बाहेरची सगळी झाकणं उघडली की लगेच बंद करायची. चपला दारातच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या पलंगाचा पडदा ओढलेला असेल तर ड्रायव्हर झोपलाय असं समजायचं आणि त्याला उठवायचं नाही.

मागचा एकट्याचा पलंग मला मिळाला होता, माझ्या घोरण्यामुळे. सुजाता आणि मित्रा पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपायच्या, आबा मधल्या टेबलाच्या पलंगावर.

"कुठल्याही कारणासाठी उठवायचं नाही?" सुजाताने विचारलं.

"गाडीला आग लागली तरच."

"लक्षात ठेवते," ती म्हणाली. तिने ते खरंच लक्षात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही व्हॅलेन्सियाच्या अलीकडे महामार्गालगतच्या एका मोठ्या थांब्यावर मुक्काम केला. पेट्रोल पंप, दुकान, आणि मागच्या बाजूला कॅम्परवाल्यांसाठी पाणी भरायची आणि घाण रिकामी करायची जागा. शेजारी एक जुना डच कॅम्पर उभा होता. त्यातून सत्तरीचे विम आजोबा उतरले. दीड मीटर अंतर मोजून थांबले आणि म्हणाले, "मेनेर," (हे डच 'साहेब') "तुमची गाडी एका बाजूला कलली आहे. चाकाखाली ठोकळे घाला."

"ठीक आहे तशीच," मी म्हणालो. मला गेले तीन दिवस सल्ले कमी नव्हते.

त्या रात्री आम्ही सगळे उजवीकडे घरंगळत झोपलो. झोपण्यापूर्वी सुजाता म्हणाली, "सकाळी मीच काढते गाडी. साडेसातला निघू. तू झोप निवांत."

आता कॅसेट नावाच्या वस्तूबद्दल सांगणं भाग आहे. कॅम्परच्या संडासाखाली एक टाकी असते. तिला डच लोक कॅसेट म्हणतात. ती गाडीच्या बाहेरच्या बाजूचं झाकण उघडून ओढून काढायची आणि रिकामी करून परत बसवायची. तिला दोन चाकं आणि लांब दांडा असतो. लांबून पाहिलं तर माणूस बॅग घेऊन विमानतळावर निघालाय असं वाटतं. हे काम माझ्याकडे होतं. (या कामासाठी कोणी 'हं' केलं नाही.)

सकाळी सातला मला जाग आली. टाकी भरल्याचा लाल दिवा दिसत होता. म्हटलं, सगळे उठायच्या आत उरकून टाकू. पायजमा, वर आबांचा मरून स्वेटर, पायात मित्राच्या गुलाबी चपला, कारण दारात पहिल्या त्याच सापडल्या. आबांचा पलंग रिकामा होता. ते पंपाच्या बाथरूममध्ये गेले होते. जिथे स्वयंपाक होतो तिथे बाकीचं नको, म्हणून त्यांनी आजवर कॅम्परच्या संडासात पाऊल टाकलं नव्हतं. मी माझ्यामागे पडदा नीट ओढला. बाहेर येऊन कॅसेट काढली. आणि स्वतःचाच नियम पाळून झाकण व्यवस्थित बंद केलं.

इमारतीच्या मागे रांग होती. एक जर्मन गृहस्थ आपली कॅसेट अशी धूत होते, जणू ती पुढे प्रदर्शनात ठेवायची आहे. माझा नंबर लागायला, मग धुवायला, मिळून पाऊण तास गेला.

परत आलो तर गाडी नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, रांग चुकली. दुसऱ्या रांगेत गेलो, तिसऱ्या रांगेत गेलो. मागे कॅसेट खडखडत येत होती. मग विम आजोबांचा कॅम्पर दिसला, आणि त्याच्या शेजारी जमिनीचा एक रिकामा, आयताकृती, कोरडा तुकडा. बाकी सगळीकडे दव होतं.

खिशात फोन नव्हता, पाकीट नव्हतं, पासपोर्ट नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मास्क नव्हता. दुकानाच्या दारात गेलो तर आतल्या बाईने काचेवरच्या मास्कच्या चित्रावर बोट ठेवलं. मी स्वेटरची कॉलर नाकावर ओढली. तिने माझ्या पायांतल्या चपला पाहिल्या, मग कॅसेट पाहिली, आणि दार आतून धरून ठेवलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी विम आजोबांच्या खिडकीवर टकटक केलं. पडदा बाजूला झाला आणि त्यांच्या बायकोचा, रीट आजींचा चेहरा दिसला.

"माझी गाडी गेली," मी डचमध्ये म्हणालो.

"चोरीला?"

"नाही. बायको घेऊन गेली."

रीट आजींच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती पसरली. "अरेरे," त्या हळूच म्हणाल्या, "सणासुदीला असं होतं खरं. बोलणं होत होतं का तुमच्यात?"

गैरसमज दूर करायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी मला एक मास्क आणि स्वतःचा फोन दिला. इथे दुसरी अडचण. मला सुजाताचा नंबर पाठ नव्हता. आबांचा नव्हता. मित्राचा नव्हता. जगातला एकच नंबर मला तोंडपाठ होता, तो माझा. मी मलाच फोन लावला. अकरा वेळा.

तिकडे काय झालं ते मित्राने नंतर मला रंगवून सांगितलं. सुजाता उठली, आबा तोंड धुऊन परत आले, तिने पडदा पाहिला आणि कुजबुजत म्हणाली, "झोपलाय, झोपू दे." गाडी निघाली. थोड्या वेळाने मित्रा म्हणाली, "मम्मा, पप्पा इज नॉट स्नोअरिंग."

"मग तर मुळीच उठवू नकोस," सुजाता म्हणाली. "किती दिवसांनी शांत झोपलाय."

मग पडद्यामागून फोनची घूं घूं सुरू झाली.

"पप्पाचा फोन."

"त्याचा नियम आहे ना? आग लागलीय का?"

"नो."

"मग राहू दे."

इकडे रीट आजी म्हणत होत्या, "इथेच थांबा. त्यांच्या लक्षात येईल, त्या परत येतील. हरवलेल्या मुलांना आपण हेच सांगतो ना, जागचे हलू नका."

पण मला थांबवत नव्हतं. मी त्या कोरड्या तुकड्यावर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे फिरत होतो. तेवढ्यात मला जाणवलं, की मी हात मागे बांधून अगदी आबांसारखा चालतोय. "आपण पाठलाग करू," मी म्हणालो. "सुजाता हळू चालवते."

विम आजोबांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी पाठलाग करायला सांगितलं नसावं. मला मागच्या बाकावर बसवलं. संसर्ग नको म्हणून दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या, कॅसेट माझ्या मांडीवर दिली, आणि आम्ही सुसाट निघालो. सुसाट म्हणजे ताशी ऐंशी. "याच्या वर गेलं की कपाटं उघडतात," विम आजोबा म्हणाले. ट्रक आम्हाला ओलांडून जात होते. गॅसच्या टाक्या नेणारा एक ट्रक तर हॉर्न वाजवून गेला.

बरोबर त्याच सुमाराला, पुढे कुठेतरी, सकाळच्या दोन कप चहाने आबांवर असा प्रसंग आणला, की तत्त्व बाजूला ठेवून त्यांना कॅम्परच्या संडासात जावं लागलं. एका मिनिटात ते बाहेर आले.

"सुजाता, या भांड्याला बूड नाही."

"असेल आबा. बाजूचा खटका दाबा."

"पोरी, मी आत वाकून बघितलं. खाली काही नाही."

मित्राने जाऊन पाहिलं. "कॅसेट इज गॉन."

"अगं, ती मिलिंद काढतो ना रिका..." सुजाता म्हणाली आणि वाक्य तिथेच राहिलं.

मग आबा कठडे धरत मागे गेले आणि त्यांनी पडदा ओढला. आत दोन उशा, चुरगळलेलं पांघरूण, आणि अकरा मिस्ड कॉल. कोणाचे, ते कळायला मार्ग नव्हता, कारण रीट आजींनी आपला नंबर लपवून ठेवला होता.

मित्रा सांगते, आबा पलंगावर बसले आणि बराच वेळ उशीवर हात ठेवून होते. मग म्हणाले, "गाडी वळव."

पुढच्या फाट्यावरून सुजाता वळली आणि उलट दिशेने निघाली. त्यामुळे साधारण नऊच्या सुमारास, महामार्गाच्या मधल्या कठड्यापलीकडे, मला माझी गाडी दिसली. पुढे सुजाता, शेजारी आबा, दोघंही समोर ताठ बघतायत. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो. आबा माझ्याकडे न बघता उत्तरेकडे निघून गेले.

मी स्वतःला बारावा फोन लावला. मित्राने घंटी वाजायच्या आत उचलला.

"पप्पा, व्हेअर आर यू?"

"आत्ता तुमच्या बाजूने गेलो. थांबा, आम्ही वळतोय."

मागून सुजाताचा आवाज आला, "त्याला सांग थांब म्हणून, आपण वळ..." आणि रीट आजींच्या फोनची बॅटरी संपली.

आम्ही वळलो. तेही वळले. वीस मिनिटांनी आम्ही एकमेकांना पुन्हा ओलांडलं. या वेळी सगळ्यांनी एकमेकांना पाहिलं. सुजाता हात हलवत होती, मी कॅसेट हलवत होतो, आणि आबांचा उजवा पाय नक्कीच ब्रेकवर होता.

"बास," रीट आजी म्हणाल्या. "विम, पुढच्या पंपावर गाडी घे. फोन चार्जिंगला लाव. आणि तुम्ही, मेनेर, आता हलायचं नाही."

दहा मिनिटांनी फोन लागला. तिकडे आबांनी सूत्रं हातात घेतली होती. त्यांचा निरोप मित्राने मला इंग्रजीत पोचवला. माणूस जिथून सुटला तिथेच जाऊन थांबायचं, दुसरीकडे कुठे शोधायचं नाही. ते सगळे त्या जुन्या थांब्यावर निघाले होते, आणि मी येईपर्यंत तिथून हलणार नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी त्याच जागेवर उभी होती, तशीच कललेली. आबा बाहेर थंडीत उभे होते. विम आजोबांनी गाडी थांबवली. मी उतरलो, पायजमा, गुलाबी चपला, हातात कॅसेट. मनात चार विनोदी वाक्यं तयार करून ठेवली होती. आबांनी आधी माझ्या हातातली कॅसेट घेऊन खाली ठेवली. मग माझं मनगट धरलं. सोडेनात.

"तासभर पुढं बसून होतो," ते म्हणाले. "एकदा मागं वळून बघितलं नाही मी."

"आबा, पडदा ओढलेला होता. माझाच नियम."

"पॅसेंजर मोजायचं काम कंडक्टरचं, हे खरं," आबा म्हणाले. "पण या गाडीत कंडक्टरच नाही ना."

सुजाता आली. रडली होती हे दिसत होतं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलांवर नजर थांबली, आणि ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली, मग पुन्हा हसली. मित्राने फोटो काढला. तो आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

विम आजोबांनी दोन ठोकळे आणून आमच्या चाकाखाली घातले. या वेळी मी अडवलं नाही. सुजाताने कांदेपोहे केले. आम्ही सगळे खुर्च्या लांब लांब मांडून उन्हात बसलो, आणि रीट आजींनी पोहे दोनदा घेतले.

त्या दिवसापासून आबा आमचे कंडक्टर झाले. गाडी सुरू करायच्या आधी ते मागपर्यंत चालत जायचे, पडदा उघडायचे, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचे, आणि मग कपाटावर दोनदा ठोकायचे. त्याशिवाय किल्ली फिरवायची परवानगी नव्हती. ते 'हं' थांबलं. येरझाऱ्याही थांबल्या. दक्षिणेला समुद्राकाठी पोचलो तेव्हा आबा तीन-तीन तास खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचे, आणि मी त्यांच्या मागे, आता उद्या कुठे जायचं म्हणून नकाशा घेऊन फिरत असायचो.

विम आणि रीट यांचं दरवर्षी डिसेंबरमध्ये कार्ड येतं. या वर्षीच्या कार्डावर रीट आजींनी सुंदर अक्षरात लिहिलंय, प्रिय सुजाता, मित्रा आणि आजोबा. मागची बाजू पाहिली, पाकिटाच्या आत पाहिलं. माझं नाव कुठेच नाही.

"बघ," मी सुजाताला म्हणालो. "माझ्यासाठी पाठलाग केला त्यांनी, आणि मलाच विसरले."

तिने कार्ड फ्रिजवर चिकटवलं. "अरे, त्यांची तुझी ओळख एका सकाळची," ती म्हणाली. "आम्ही पंधरा वर्षं तुझ्याबरोबर राहून विसरलो."